आधी उलटं, मग सुलटं

रविवारी सकाळी माताजीच्या टेकडीवर भाविकांची वर्दळ सुरू व्हायच्या आत मी अंगणात गोणपाट अंथरतो, त्यावर जुनी चादर टाकतो आणि येझदीचा प्लग काढतो. देवासच्या उन्हाळ्यात सातच्या आत बसावं लागतं. नंतर लोखंडाला हात लाववत नाही. प्लग निघाला की आधी त्याचं टोक उजेडात धरायचं. विटकरी-तपकिरी असेल तर गाडीची तब्येत ठीक. काळं आणि ओलं असेल तर पेट्रोल जास्त होतंय. पांढरं पडलं असेल तर मात्र गाडी त्या दिवशी बाहेर काढायची नाही. बाबा म्हणत, ‘वैद्य जीभ बघतो, आपण प्लग बघायचा.’ त्यांच्या हाताखाली मी हे शिकलो. आज मी बावन्न वर्षांचा आहे, गाडी सेहेचाळीसच्या पुढे गेली आहे, आणि रविवारचा हा क्रम अजून चालू आहे.

बाबा बँक नोट प्रेसमध्ये होते. १९७९ साली त्यांनी ही येझदी घेतली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या परवान्यावर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला गाड्या बनू लागल्या. पुढे त्याच गाडीचं नाव येझदी झालं. अडीचशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन, दोन्ही बाजूंना एकेक. बाबांना त्याचं फार कौतुक. ‘ही गाडी देवासचीच आहे,’ ते म्हणत. पवारांच्या दोन भावांनी अठराव्या शतकात देवास घेतलं आणि एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं झाली. दोन राजवाडे, दोन कारभार, आणि हद्द गावातून गेलेली. आमचे पूर्वज त्या पवारांच्या मागोमागच माळव्यात आले. गाव एक, दरबार दोन. इंजिन एक, धुरांडी दोन. बाबांचा हा हिशेब घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावा लागे.

या गाडीला किक मारणं हाही एक संस्कार आहे. गिअरचा दांडा आणि किकचा दांडा एकच. तो आत दाबायचा, वर फिरवायचा, की त्याची किक होते. गाडी सुरू झाली की तोच पुन्हा खाली उतरवून गिअर टाकायचा. नवीन माणूस उभ्या उभ्या गोंधळतो. मी सहावीत असताना बाबांनी माझा पाय धरून मला ही हालचाल शिकवली होती, आणि मी पहिल्यांदा गाडी सुरू केली तेव्हा आई ओट्याजवळून धावत बाहेर आली होती.

घरी गाडी राखणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलेलं नाही त्यांना वाटतं की पान्याचं काम असेल. पान्याचं काम शेवटी येतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक उस्ताद होते, बाबांपेक्षाही वयाने मोठे. त्यांच्याकडे गाडी नेली की ते ती सुरू करायला लावत आणि डोळे मिटून उभे राहत. मी हात पुढे केला की म्हणत, ‘पहले सुन ले बेटा, फिर खोलना.’ गाडी मिसिंग करते आहे ती सावकाश चालताना की जोर दिल्यावर? थंड असताना की तापल्यावर? धूर निळा की पांढरा? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की निम्मं इंजिन न उघडताच कळतं.

पांढऱ्या धुराची गोष्ट त्यांनीच मला उकलून सांगितली. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचं मिश्रण आधी क्रँकच्या पेटीत येतं आणि तिथून वर जातं. त्या पेटीच्या दोन्ही बाजूंना रबराचे ऑइल सील असतात. डावीकडचा सील गेला तर क्लचच्या बाजूचं गिअरऑइल आत ओढलं जातं आणि गाडी पांढरा धूर ओकू लागते. गिअरबॉक्समधलं तेल का कमी होतंय ते मालकाला कळत नाही. उजवीकडचा, डायनॅमोच्या बाजूचा सील गेला तर धूर काहीच येत नाही, फक्त बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण कोरडं पडतं. ‘धुआँ दिखे वो बीमारी छोटी,’ उस्ताद म्हणत, ‘जो नहीं दिखे उससे डर.’

पॉइंट लावायची त्यांची रीत मी गाडीत पॉइंट होते तोवर पाळली. पॉइंट म्हणजे प्लगला ठिणगी कधी द्यायची ते ठरवणारी छोटीशी उघडझाप. त्यातली फट ०.४ मिलिमीटर हवी. ती फीलर गेजने मोजायची. पण पॉइंट नेमकं कोणत्या क्षणी उघडतं, ते डोळ्याला दिसत नाही. उस्ताद विडीच्या बंडलावरचा पातळ कागद फाडून दोन पॉइंटांमध्ये धरत आणि चाक अगदी हळू फिरवत. कागद घट्ट, घट्ट, घट्ट. आणि एका क्षणी बोटांत सैल होई. तोच क्षण. पिस्टन वर पोचायला साधारण तीन मिलिमीटर शिल्लक असताना तो क्षण यायला हवा. माझ्या बोटांना तो पहिल्यांदा कळला तेव्हा मी तिसऱ्यांदा, चौथ्यांदा चाक मागे घेऊन पुन्हा तो अनुभव घेतला होता.

उस्तादांच्या दुकानात मी दोन भाषांत काम शिकलो. बाबा ज्याला आटे म्हणत त्याला उस्ताद चुडी म्हणत. बाबांचा पेच, त्यांचा पेचकस. बाबा म्हणायचे लेथ, ते म्हणायचे खराद. माळव्यातलं आमचं मराठी असंच घडलं. जुन्या सांगाड्यात हिंदीचे भाग बसले, काही मूळ भाग झिजले, पण गाडी चालते आणि आवाज आपलाच येतो.

आट्यांवरून आठवलं. मी नववीत असताना बाबा ऑफिसला गेलेले बघून मी प्लग काढला आणि परत लावताना थेट पान्याने आवळत सुटलो. तो तिरका बसला होता. हेड अॅल्युमिनियमचं, प्लग पोलादी. मऊ धातूने हार मानली. पाना एकदम हलका झाला, आणि त्या हलकेपणानेच पोटात गोळा आला. संध्याकाळी बाबांनी गाडी पाहिली, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी हेड उस्तादांकडे गेलं, आटे कापून बुश मारला गेला. परत बसवताना बाबांनी मला शेजारी बसवलं आणि प्लग माझ्या बोटांत दिला. ‘पाना लांब ठेव. आता उलटा फिरव.’ मी उलटा फिरवला. अर्धा फेरा झाल्यावर आत बारीकसं टक् झालं. प्लगचा आटा हेडच्या आट्याच्या तोंडाशी येऊन बसला होता. ‘आता सुलटा.’ प्लग लोण्यासारखा आत गेला. ‘आधी उलटं, मग सुलटं,’ बाबा म्हणाले. एवढंच. रागावले असते तर मी विसरलो असतो.

विसरलो नाही म्हणावं, तर १९९३ च्या मे महिन्यात मी काय केलं ते सांगावं लागेल. कॉलेजात होतो. दोस्तांच्या गाड्यांचा आवाज मोठा, आमची शहाण्यासारखी चालायची. मी दोन्ही सायलेन्सरमधल्या आतल्या नळ्या, बॅफल, काढून टाकल्या. काढून ठेवल्या असत्या तरी चाललं असतं. मी एक करवतीने कापून पाहिली, दुसरी भंगारात दिली. गाडी आख्ख्या गल्लीला ऐकू जाऊ लागली, आणि मी धारला मामाकडे निघालो. देवासहून इंदूर, इंदूरहून धार, साधारण शंभर किलोमीटर.

बेटमा मागे पडलं. घाटाबिल्लोदच्या अलीकडे इंजिनाचा आवाज बारीक, चिरका झाला, गाडी ओढेनाशी झाली. उस्तादांनी शिकवलेलं कानांना कळत होतं, पण मनाला आवाजाची हौस होती. मग मागचं चाक एकदम धरलं गेलं आणि डांबरावर घासत गेलं. हात आपोआप क्लचवर गेला म्हणून पडलो नाही. रस्त्याच्या कडेला उतरलो. इंजिनातून तापल्या लोखंडाचा वास येत होता आणि किकचा दांडा हलत नव्हता. इंजिन सीझ झालं होतं. एका ट्रॅक्टरवाल्याने ट्रॉलीत घालून मला आणि गाडीला धारपर्यंत पोचवलं. पैसे घेतले नाहीत.

चूक साधी होती. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर नुसता आवाज दाबत नाही. जळालेला वायू बाहेर जाताना थोडं ताजं मिश्रणही त्याच्याबरोबर निसटत असतं. सायलेन्सरमधून परत फिरणारी दाबाची लाट ते निसटणारं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. सायलेन्सर इंजिनाचाच भाग असतो. मी तो मोकळा केला, कार्बोरेटरचा जेट होता तोच ठेवला; हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं. शिवाय या इंजिनाला वेगळं वंगण नाही. लिटरला चाळीस मिलिलिटर ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं. पेट्रोल कमी पडलं म्हणजे वंगणही कमी पडलं. मेचं ऊन, लांबचा रस्ता, कोरडं मिश्रण. पिस्टन फुगून सिलिंडरला चिकटला.

सिलिंडरचं बॅरल गोणीत बांधून बसने इंदूरला बोअर करायला गेलं आणि मी चार दिवस धारमध्ये अडकलो. मामा संस्कृतचे शिक्षक, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी गाडीबद्दल एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला लाट मशिदीकडे फिरायला नेलं. तिथे धारचा लोहस्तंभ आहे, तीन तुकड्यांत आडवा पडलेला. तुकडे जोडले तर लांबी तेरा मीटरच्या आसपास भरते. दिल्लीचा प्रसिद्ध लोहस्तंभ सव्वासात मीटरच्या आत आहे. मामांनी माझा हात त्या लोखंडावर ठेवला. दिवसभराचं ऊन त्यात अजून होतं. ‘हे घडवणारी माणसं याच गावची,’ ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी बडोद्याला छापलेलं समरांगणसूत्रधार काढलं. अकराव्या शतकात धारला राज्य करणाऱ्या भोजराजाच्या नावावरचा हा ग्रंथ वास्तुशास्त्राचा म्हणून ओळखला जातो, पण त्यात यंत्रांवर एक सबंध अध्याय आहे. लाकडी पक्ष्याच्या पोटात पारा तापवून तो उडवण्याची कल्पना त्यातच आहे आणि लोक तेवढीच सांगत बसतात. मामांनी ते पान उलटून पुढे नेलं. चांगल्या यंत्राचे गुण कोणते, याची तिथे यादी आहे. भाग एकमेकांत नीट बसलेले असावेत. हलकेपणा असावा. जिथे आवाज नको तिथे तो नसावा. जिथे हवा तिथे तो असावा. सैलपणा नसावा आणि ताठरपणाही नसावा. गती अडखळू नये. मामा एकेका शब्दाचा अर्थ सांगत गेले आणि मी मान खाली घालून ऐकत होतो. नऊशे वर्षांपूर्वी याच गावात कुणीतरी माझ्या येझदीचं निदान लिहून ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी बॅरल आलं. पॉइंट पंचवीस, म्हणजे पाव मिलिमीटर मोठा पिस्टन. नव्या पिस्टनला सिलिंडरमध्ये जागा ठेवतात ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. सैलही नाही, ताठही नाही. देवासला परतलो तेव्हा बाबांनी फक्त विचारलं, ‘बॅफल कुठे आहेत?’ ते परत आणता येण्यासारखे नव्हते. त्या मापाचे जुने शोधायला मला इंदूरच्या भंगार बाजारात सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मी माझा नियम ठरवला, आणि तो आजवर मोडलेला नाही. गाडीत बदल करायचा तर असा, की तो उलटा करता आला पाहिजे.

१९९५ मध्ये मी पिथमपूरला सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलो. धार जिल्ह्यातलं हे ओसाड माळरान ऐंशीच्या दशकात कारखान्यांनी भरून गेलं. कायनेटिक होंडाची बिनगिअरची स्कूटर तिथून निघाली, आयशरचे ट्रक निघाले. कामावर मी पहिल्यांदा टॉर्क पाना हातात घेतला. ठरलेला जोर आला की तो कट् करतो आणि तुम्ही थांबता. सहा मिलिमीटरच्या साध्या बोल्टला दहा न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे मनगटाचा हलका जोर; माणूस सवयीने त्याच्या दुप्पट आवळतो. पहिल्या पगारातून मी तसा पाना घेतला आणि घरी बाबांना दिला. त्यांनी आधी नुसत्या हाताने एक बोल्ट आवळला, मग त्यावर पाना लावला. एक अष्टमांश फेराही न फिरता कट् झालं. बाबांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे हसू आलं, त्यासाठी मी आणखी चार पाने घेतले असते.

येझदीत मी पुढे बदल केले, आणि ते मोठे केले. मूळ गाडी सहा व्होल्टची. रात्री आग्रा-मुंबई रस्त्यावर समोरून ट्रक आला की हेडलाइट असून नसल्यासारखा. व्होल्टेज निम्मं म्हणजे तेवढ्याच उजेडासाठी करंट दुप्पट, आणि जुन्या गंजक्या जोडांत व्होल्टेज वाटेतच पडतं. २०१५ मध्ये मी डायनॅमो उतरवून बारा व्होल्टचा मॅग्नेट आणि पॉइंटविरहित इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. ते मूळच्याच भोकांत, मूळच्याच बोल्टांवर बसतं. कुठेही ड्रिल लागत नाही. वायरिंग नवीन केलं, पण जुना हार्नेस गुंडाळून ठेवला. मागच्या ब्रेकदिव्याचा उजेड वाढवला. हँडल, चासी, टाकी, सायलेन्सर यांना हात लावला नाही. कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठामपणे सांगितलं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करावी लागते. गाडी आरटीओत उभी राहते तेव्हा ती जशी जन्मली तशीच ओळखू यायला हवी.

बदल कशासाठी करायचा, याचं मोठं उदाहरण आमच्या गावातच राहून गेलं. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाने आजारी होऊन या टेकडीच्या पायथ्याशी आले. काही वर्षं गाणं बंद होतं. एक फुफ्फुस निकामी झालं, आणि ते उठले तेव्हा राहिलेल्या श्वासात बसेल असं गाणं त्यांनी घडवलं. छोट्या, टोकदार स्वरावली, मधल्या शांततेला जागा देणाऱ्या. राग मोडला नाही. गरज खरी होती म्हणून बदल खरा झाला. उस्तादांच्या दुकानासमोरून त्यांना जाताना पाहिलं की बाबा गाडी बंद करून उभे राहत. मी लहान होतो. मला तेव्हा वाटायचं, हा फक्त मान आहे. आता वाटतं, एक चांगला कारागीर दुसऱ्याला ओळखत होता.

१९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद झाला. त्यानंतर सुटे भाग मिळवणं हेच एक काम झालं. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले देशभर एकत्र जमतात. अशा जमण्यांतून क्लचच्या प्लेटा, सील, पॅकिंग हातोहात फिरतात. आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये जावा हे नाव परत आलं. नवी गाडी चार-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारी, २९३ सीसीची, पण सायलेन्सर दोन. ती बनू लागली ती आमच्या पिथमपूरला. पाळी सुटल्यावर मी रस्त्याच्या कडेला येझदी उभी करून नव्या गाड्यांनी भरलेला ट्रक जाताना बघत राहिलो. बाबा २०११ मध्ये गेले. त्यांना हे सांगायला हवं होतं.

ओसरीच्या कोनाड्यात एक पत्र्याचा डबा आहे. त्यात डायनॅमो, पॉइंटची प्लेट, जुना हार्नेस, सहा व्होल्टचा हॉर्न, सगळं रॉकेलने पुसून, ग्रीस लावून, कागदात गुंडाळून ठेवलं आहे. प्रत्येकावर काढल्याची तारीख आहे. गाडीला पन्नास वर्षं झाली की व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल. २०२१ च्या नियमांत त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. पण डबा मी त्या नियमासाठी राखलेला नाही. नियम यायच्या आधीपासून तो तिथे आहे.

मागच्या रविवारी माझी मुलगी शेजारी येऊन बसली. अकरावीत आहे. डबा उघडून तिने एकेक कागद सोडला, वास घेतला, परत गुंडाळला. ‘बाबा, हे परत कधी लावणार?’

‘कदाचित कधीच नाही.’

‘मग ठेवलंय कशाला?’

‘लावता यावं म्हणून.’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मी साफ केलेला प्लग तिच्याकडे दिला आणि पाना उचलायला वळलो. परत पाहिलं तर तिने प्लग हेडवर टेकवला होता आणि दोन बोटांनी तो उलटा फिरवत होती, डोळे मिटून. मी तिला हे शिकवलेलं नव्हतं. मला करताना तिने बघितलं असणार. अर्धा फेरा झाला. आत टक् झालेलं मला ऐकू आलं नाही, पण तिच्या बोटांना आलं. तिने डोळे उघडले आणि प्लग सुलटा फिरवायला घेतला.